टाकी धुतली की गोल्डफिश मरतो: नेमकं कुठे बिघडतं आणि काय करायचं

तक्रार जवळपास सगळीकडची एकच. टाकीतलं पाणी हिरवट दिसायला लागलं म्हणून रविवारी सगळं पाणी काढलं, काच घासली, गोटे धुतले, फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ होईपर्यंत पिळला, ताजं पाणी भरलं. टाकी नव्यासारखी चमकायला लागली आणि त्याच आठवड्यात एक मासा गेला, मग दुसरा. बाजाराच्या दिवशी नवी जोडी आणली, महिनाभराने पुन्हा तेच. शेवटी निष्कर्ष निघतो की आमच्या गावच्या पाण्यात गोल्डफिश टिकतच नाही.

बहुतेक वेळा हा निष्कर्ष चुकीचा असतो. विदर्भातलं बोअरचं जड पाणी गोल्डफिशला चांगलं मानवतं. मासा मरतो तो धुण्यामुळे. टाकी जितकी जीव लावून धुवाल, तितका धोका जास्त.

मासा धुतल्यावर किती वेळाने मेला?

औषध शोधण्याआधी या प्रश्नाचं उत्तर द्या. अर्धं निदान त्यातच होतं.

पहिल्या दोन-तीन तासांत मेला असेल, तर नव्या पाण्यात क्लोरीन होतं किंवा नव्या-जुन्या पाण्याच्या तापमानात मोठा फरक होता. क्लोरीनमुळे मासा बाण सुटल्यासारखा टाकीत धावतो, काचेवर आदळतो, अंगावर बुळबुळीत थर वाढतो, कल्ले लालभडक होतात. बोअरमधून थेट ओतलेल्या पाण्यातही मासा तोंड वर काढून हवा घेतो. जमिनीखालच्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो.

दुसऱ्या ते सातव्या दिवसात मेला, तर अमोनिया. मासा तळाशी बसून राहतो, पंख मिटून घेतो, शेपटीत लाल रेषा दिसतात. वाचलेल्या माशाच्या अंगावर पुढे काळे डाग येतात. ते जखम भरल्याची खूण असते, नवा रोग नसतो.

दोन ते चार आठवड्यांनी मेला, तर नायट्राइट. कल्ल्याचं झाकण किंचित उचललं की आतला रंग लाल न दिसता तपकिरी दिसतो, कारण रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. पाण्यात हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो.

नेहमी पहाटेच मरत असेल, आणि आधी मोठा मासा जात असेल, तर प्राणवायू कमी पडतोय. आणि धुण्याशी संबंध नसताना मासा अचानक झटके देत गोल गोल फिरून मेला, तर कीटकनाशकाचा संशय घ्या. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

धुण्याने काय मरतं

गोल्डफिश कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. जुन्या टाकीत स्पंजवर, गोट्यांवर, काचेवर जीवाणूंचा पातळ थर बसलेला असतो. काही जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच सौम्य असतं. हा थर तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात स्पंज पिळला, गोटे उन्हात वाळवले की तो एका दुपारीत जातो. मासे मात्र तेवढेच राहतात, खाणंही तेवढंच.

आकड्यांत बघा. ३५ टक्के प्रथिनं असलेल्या १ ग्रॅम खाद्यातून सुमारे ३० मिलिग्रॅम अमोनिया पाण्यात येतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत गोटे वगैरे धरून प्रत्यक्ष पाणी ५० लिटरच्या आसपास मावतं. म्हणजे रोज १ ग्रॅम खाद्य टाकलं, तर जीवाणू नसलेल्या टाकीत अमोनिया दिवसाला ०.६ मिलिग्रॅम प्रतिलिटरने वाढत जातो. काचेच्या गोल भांड्यात १० लिटर पाणी असतं, तिथे हाच आकडा ३ होतो. १ ग्रॅम म्हणजे चहाच्या चमच्याने अर्ध्यापेक्षाही थोडं कमी दाणे. पोरं येता-जाता चिमूट-चिमूट टाकतात त्यात एवढं सहज होतं.

आता आपल्याकडचा खास भाग. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, आणि त्यातलं एकच रूप जहाल आहे. पाण्याचा सामू (पीएच) आणि तापमान वाढलं की त्या जहाल रूपाचा वाटा वाढतो. सामू ७.२ आणि तापमान २२ अंश असताना तो एक टक्क्याच्याही आत असतो. सामू ८.२ आणि तापमान ३२ अंश झालं की तोच वाटा १२ टक्क्यांच्या वर जातो. बोअरचं पाणी काढल्या काढल्या सामू कमी दाखवतं, पण त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून गेला की काही तासांत सामू चढतो. म्हणून अमोनिया मोजायच्या किटमध्ये सारखाच दिसणारा अमोनिया डिसेंबरात मासा सहन करतो आणि एप्रिलमध्ये त्यानेच मरतो.

धुतल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधाळ होतं. हे चक्र इथेच पक्कं होतं. दुधाळपणा म्हणजे मोकळ्या पाण्यात वाढलेले जीवाणू. हात लावला नाही तर चार ते सात दिवसांत पाणी आपोआप निवळतं. पण लोकांना वाटतं पाणी खराब झालं, म्हणून पुन्हा सगळं धुतात आणि घड्याळ परत शून्यावर येतं. हिरवट पाण्याचंही तसंच. ते उन्हामुळे होतं. टाकी खिडकीपासून दूर सरकवा, दिवा सहा-आठ तासांच्या वर लावू नका. काचेवरचं हिरवं शेवाळ गोल्डफिश आवडीने चरतो, समोरची एक काच पुसली की पुरे.

आज टाकी धुऊन झाली असेल तर

दोन दिवस खाणं पूर्ण बंद. धडधाकट गोल्डफिश आठवडाभर उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही, आणि खाणं नाही म्हणजे अमोनिया कमी.

हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवा. ओळखीत कुणाकडे दोन-तीन महिने चाललेली निरोगी टाकी असेल, तर त्यांच्या स्पंजचा तुकडा त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून आणा आणि आपल्या फिल्टरशेजारी ठेवा. वाटेत तो वाळू देऊ नका. सहा आठवड्यांचं काम यामुळे बरंच लवकर होतं. बाटलीतल्या जीवाणूंपेक्षा यावर जास्त भरवसा ठेवावा.

रोज २५ टक्के पाणी बदला, म्हणजे दोन फुटी टाकीत साधारण साडेबारा लिटर. थेंबांचं अमोनिया किट असेल तर दिवसाउजेडी बघा. सहसा मिळणाऱ्या किटमध्ये पिवळा रंग म्हणजे शून्य, आणि हिरवेपणा चढत जाईल तसा अमोनिया जास्त. ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर दिसला तर त्या दिवशी ४० ते ५० टक्के बदला, मात्र नवं पाणी मुरवलेलं (आदल्या दिवशी उघडं भरून ठेवलेलं) आणि त्याच तापमानाचं हवं. किट नसेल तर चार आठवडे अमोनिया आहेच असं धरून रोजचा क्रम चालू ठेवा.

कल्ले तपकिरी दिसले तर लिटरमागे १ ग्रॅम जाडं मीठ, ५० लिटरला ५० ग्रॅम. ते मगभर पाण्यात विरघळवून तीन हप्त्यांत, दिवसभरात घाला. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. पुढे जेवढं पाणी बदलाल तेवढ्याच पाण्यापुरतं मीठ परत घाला. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या त्या गावांमध्ये, बोअरचं पाणी मुळातच खारं असतं. तिथे टीडीएस (विरघळलेले क्षार) न मोजता वरून मीठ घालू नका.

निळं औषध (मेथिलीन ब्लू) टाकू नका. मासा सुस्त दिसला की दुकानातून तीच बाटली हाती येते, पण ते औषध मुख्य टाकीत उरलेसुरले जीवाणूही मारतं. अँटिबायोटिकच्या गोळ्यांचंही तेच. ज्या माशाला खरोखर बुरशी किंवा पांढरे ठिपके आहेत त्याला वेगळ्या टबात ठेवून औषध द्या.

पुढे दर आठवड्याला काय करायचं

आठवड्यातून एकदा २५ ते ३० टक्के पाणी. जास्त वेळा चालेल, एका वेळी जास्त नको.

अर्धा इंच जाडीची पारदर्शक नळी घ्या. ती आधी पाण्याने भरून, दोन्ही टोकं अंगठ्याने बंद करून, एक टोक टाकीत आणि दुसरं खालच्या बादलीत सोडा. तोंडाने ओढू नका. नळीचं टोक गोट्यांमध्ये खुपसत चला, म्हणजे खालची घाण वर येते आणि निघून जाते. एका आठवड्यात गोट्यांचा डावा अर्धा, पुढच्या आठवड्यात उजवा.

स्पंज महिन्यातून एकदा, आणि तो त्या बादलीत काढलेल्या जुन्या पाण्यातच तीन-चार वेळा दाबायचा. गाळ निघाला, पाणी सहज जायला लागलं, झालं. स्पंज तपकिरीच राहिला पाहिजे. स्पंज आणि गोटे एकाच दिवशी नकोत. काढलेलं पाणी तुळशीला, कढीपत्त्याला, परसातल्या वांग्याला घाला, त्यात नत्र असतं. मीठ घातलेलं पाणी मात्र झाडांना नाही.

टाकीची बादली आणि मग वेगळाच ठेवा. कपड्याच्या साबणाचा अंश लागलेली बादली कल्ल्यांना घातक असते.

नवं पाणी उघड्या ड्रममध्ये आदल्या दिवशी भरून ठेवा आणि त्यात एअर स्टोन (पंपाच्या नळीला लावायचा, बारीक बुडबुडे सोडणारा दगड) सोडा. बोअरच्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो, सामू जागेवर येतो, तापमान घरातल्या टाकीएवढं होतं. दोन पाण्यांच्या तापमानात दोन अंशांहून जास्त फरक नको. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी मे महिन्यात दुपारी हात भाजेल इतकं तापलेलं असतं, ते थेट कधीच नको.

महिनोन्महिने पाणी बदललेलंच नसेल, तर एकदम ३० टक्केही बदलू नका. अशा टाकीत सामू उतरलेला असतो आणि साठलेला अमोनिया सौम्य रूपात पडून असतो. वरून जड पाणी ओतलं की सामू चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. रोज दहा-दहा टक्के करत दहा-बारा दिवसांत टाकी रुळावर आणा.

टीसीएलचं पाणी

ग्रामपंचायत विहिरीत किंवा उंच टाकीत टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग) पावडर टाकते. पावसाळ्यात, गावात जुलाबाची साथ आली की मात्रा वाढते. त्यामुळे वर्षभर चाललेलं नळाचं पाणी जुलैत एका दिवसात मासे मारतं. प्यायच्या पाण्यात नळाशी लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असणं माणसांसाठी योग्य आहे, माशांच्या कल्ल्यांना मात्र तेवढंही त्रास देतं.

ग्रामपंचायतीत ओटी टेस्टचं द्रावण असतं. पाण्याच्या नमुन्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन आहे. नमुना बाहेर ओतून द्या, टाकीत नाही. पाणी एअर स्टोन लावून २४ तास, नुसतं उघडं ठेवलं तर ४८ तास मुरवलं की क्लोरीन जातं. एवढा वेळ नसेल तर सोडियम थायोसल्फेट, ज्याला मत्स्यपालनवाले हायपो म्हणतात, त्याचे १० ग्रॅम खडे १ लिटर पाण्यात विरघळवून बाटलीत ठेवा. २० लिटरच्या बादलीला या पाण्याचे १५ मिलिलिटर पुरतात, पावसाळ्यात ३० घाला. थोडं जास्त पडलं तरी अपाय नाही. तुरटी फिरवलेलं गढूळ पाणी मात्र टाकीत नको. तुरटी पाण्याचा सामू खाली ओढते.

आरओचा जार

मासा मेला की काही घरांत शुद्ध पाण्याचे जार आणून टाकी भरतात. हेतू चांगला, परिणाम उलटा. आरओमध्ये पाण्यातले कार्बोनेट क्षार निघून जातात, आणि अमोनिया पचवताना जीवाणू तेच क्षार वापरतात. क्षार संपले की सामू घसरतो आणि जीवाणूंचं काम थांबतं. टाकी बोअरच्या पाण्यानेच भरा.

जाराच्या पाण्याचा खरा उपयोग उन्हाळ्यात आहे. कूलरच्या खोलीत टाकीचं पाणी रोज वाफ होऊन उतरतं, क्षार मात्र मागेच राहतात. उडालेल्या पाण्याच्या जागी रोज बोअरचं पाणी घालत राहिलात तर जूनपर्यंत टाकी खारट होते. म्हणून उतरलेलं पाणी भरायला आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं, आणि आठवड्याच्या बदलाला बोअरचं.

एप्रिल ते जून

गोल्डफिश थंड पाण्याचा मासा आहे. १८ ते २४ अंश त्याला उत्तम, २८ पर्यंत ठीक. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा टिनाच्या छताखालची टाकी ३४-३५ अंशांवर सहज पोचते. २० अंशांच्या पाण्यात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम प्रतिलिटर प्राणवायू मावतो, ३५ अंशांत ७ च मावतो, आणि माशाची गरज त्याच वेळी वाढलेली असते.

टाकी उत्तरेकडच्या भिंतीला, जमिनीलगत हलवा. काचेचं झाकण काढून बारीक जाळी लावा, म्हणजे मासा उडी मारून बाहेर पडणार नाही. छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडा. आपली हवा कोरडी असल्याने एवढ्यानेच पाणी दोन-चार अंश उतरतं. कूलरची हवाही चालते, झोत थेट काचेवर नको. फ्रीझरमध्ये गोठवलेली अर्ध्या लिटरची बंद बाटली तरंगत ठेवता येते. दोन फुटी टाकीत एका वेळी एकच, आणि तासाला एक अंशाहून जलद उतरू देऊ नका. बर्फाचे खडे थेट टाकू नका.

खाणं सकाळी एकदाच, थंड वेळी, दोन मिनिटांत संपेल एवढं.

लाईन गेल्यावर

पंप बंद पडला की पहिला ताण प्राणवायूचा. दोन तासांच्या वर लाईन जाणार असेल तर त्याआधी खाऊ घालू नका. मोबाईलच्या पॉवर बँकेवर चालणारा यूएसबी एअर पंप मिळतो, रात्रभर निघते. तोही नसेल तर दर अर्ध्या तासाने मगभर पाणी काढून फूटभर उंचीवरून वीस-पंचवीस वेळा परत ओता.

पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. नाहीतर लाईन गेल्यावर पाणी नळीतून उलटं येऊन पंपात शिरतं, आणि लाईन आल्यावर पंप जळतो. बंद डब्याचा फिल्टर काही तास बंद राहिला तर आतलं पाणी सडतं. चालू करण्याआधी ते पाणी ओतून टाका. आपल्याकडे उघडा स्पंज फिल्टरच बरा, त्यात हा धोका कमी.

फवारणीचे दिवस

कपाशी-सोयाबीनवर वापरली जाणारी पायरेथ्रॉइड गटातली औषधं माशांना अत्यंत विषारी असतात, पाण्यात अगदी अल्प अंश पुरतो. फवारणी पंप आणि औषधाचे डबे टाकीच्या खोलीत ठेवू नका. फवारून आलेल्याने आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय टाकीत हात घालू नये. शेतातली बादली टाकीला लावू नये.

घरातल्या डासांच्या औषधातही याच गटातली रसायनं असतात. एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, म्हणजे कॉइलचा धूर पाण्यात मिसळायची सोय आपणच केलेली असते. टाकीच्या खोलीत कॉइल किंवा लिक्विड लावू नका, मच्छरदाणी वापरा. गावात धूर फवारणी असेल त्या दिवशी टाकीवर ओलं कापड टाका, आणि पंप दुसऱ्या खोलीत ठेवून लांब नळीने हवा द्या. झटके देणारा मासा दिसलाच तर मुरवलेल्या पाण्याच्या वेगळ्या टबात लगेच हलवा आणि टाकीचं निम्म्याहून जास्त पाणी बदला. एकदम जास्त पाणी बदलायचं ते फक्त अशा वेळी आणि अमोनिया चढल्यावर.

नवा मासा आणण्याआधी

दोन फुटी टाकीत शेपटीदार गोल्डफिश एकच ठेवा. तीन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद-उंच टाकीत दोन, फार तर तीन. भांडं लहान असलं तर मासा लहानच राहतो हा समज खोटा आहे, तो खुरटतो आणि लवकर मरतो. सांभाळला तर गोल्डफिश दहा वर्षांहून जास्त जगतो.

जुना मासा मेल्यावर लगेच दुसरा आणू नका. अमोनिया आणि नायट्राइट सलग सात दिवस शून्य दिसू द्या. मासे नसतानाही जीवाणूंना खाद्य लागतं, म्हणून रोज दोन-चार दाणे टाकत राहा. नवा मासा वेगळ्या टबात तीन आठवडे ठेवा आणि अंगावर दोऱ्यासारखं काही लोंबतंय का ते रोज बघा. तो नांगर-कृमी असतो, आणि बाजारातल्या गोल्डफिशवर पुष्कळदा सापडतो. नाल्यातून किंवा तलावातून आणलेल्या वनस्पतींबरोबरही तो येतो, त्यामुळे त्या सरळ टाकीत नकोत. टबाला मुख्य टाकीत आठवडाभर भिजवलेला स्पंज लावा, नाहीतर टबातही पहिल्या आठवड्यात अमोनियाच चढेल.